प्लासिड तुस्कानो, बी.ए. दुसरे वर्ष

१ जुलै १९८१, बुधवार

आज प्लासिड तुस्कानोची टी.सी., म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, टाइप केली. स्वतःच्या हाताने. कॉलेजच्या ऑफिसात आम्ही तीन क्लार्क, पण हे काम नेमकं माझ्याच टेबलावर यायचं होतं. पहिल्यांदा जन्मतारीख चुकवली, दुसऱ्यांदा आडनाव. मुद्दाम. म्हटलं, तेवढ्या वेळात पोराचं मन बदलेल. तो समोर बाकावर बसून शेंगदाणे खात होता. तिसऱ्यांदा बरोबर झाली. हाताला वळण आहे, काय करणार.

कारण विचारलं. मुंबईच्या त्या कॉलेजात बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट आहे म्हणाला. म्हटलं, आपल्याकडेही कोर्ट आहेच की, मातीचं असलं म्हणून काय झालं. तो हसला, येतो काका म्हणाला आणि गेला.

मी शांत आहे. खेळाडू येतात, जातात. (आमच्याकडे एकच आला होता. तोच गेला.)

२ जुलै

झोप नीट नाही. ऑफिसात दोनदा चुकीच्या फायलीत कागद लावले.

स्वतःच्या माहितीसाठी नोंद करून ठेवतो. प्लासिडला मी घडवला. कॉलेजला क्रीडाशिक्षक आहेत, पण ते मूळचे खो-खोचे. बास्केटबॉलमध्ये वर्षभर प्रत्येक सामन्याला लाइनच्या कडेला उभं राहून 'गुडघे वाकव! श्वास घे! रिंगकडे बघ!' हे ओरडून कोण सांगत होतं? मी. सामना संपल्यावर त्याच्या घरी ओटीवर बसून, त्याच्या आईच्या देखत, हुकलेला एक-एक फ्री थ्रो कोण समजावून सांगत होतं? मी. कधी कधी जेवणाची वेळ व्हायची. मार्गारेटबाई मला ताट वाढायच्या. प्लासिड तेवढा पाठीमागच्या दाराने विहिरीवर जायचा. लाजाळू मुलगा.

रिंग वाकली तेव्हा सायकलच्या कॅरियरला बांधून वालीवला वेल्डिंगसाठी कोणी नेली? तीही मीच. आता ती जरा डावीकडे झुकते. त्याने नेम सुधारतो.

५ जुलै, रविवार

चाहते मंडळाची सभा कोर्टाच्या पायरीवर. हजर: अध्यक्ष (मी) आणि सभासद एकनाथ. एकनाथ आगाशीचा, केळीची आणि पानवेलीची वाडी आहे, सामना असला की एस.टी.ने येतो. आज सामना नव्हता तरी आला. त्यालाही चैन पडत नाही, हे उघड आहे. तो म्हणाला, बहिणीकडे आलो होतो.

त्याचं म्हणणं, वेल आपल्याला हव्या त्या मांडवावर चढते, ओढली की तुटते. मी म्हटलं, इथे खेळाचा विषय चालू आहे, शेतीचा नाही. मग तो केळं सोलायला लागला.

ठराव: आजपासून प्लासिडचं नाव काढायचं नाही. एकनाथने अनुमोदन दिलं. नंतर दीड तास आम्ही प्लासिडच्या डाव्या हाताबद्दल बोललो. नाव काढलं नाही.

१२ जुलै, रविवार

पोस्टात जाताना प्लासिडच्या घरावरून गेलो. वाटेवरच आहे. क्लारा म्हणते, पोस्ट उलट्या दिशेला आहे आणि आज रविवार आहे. बायकोला प्रत्येक गोष्टीचा हिशेब द्यायचा म्हटलं तर माणसाने सायकल चालवूच नये.

ओटीवर मार्गारेटबाई तांदूळ निवडत होत्या. प्लासिडची खुशाली विचारली. मुंबईत मामाकडे राहतो म्हणाल्या, खूश आहे. खूश? मी दोनदा विचारलं. दोनदा खूशच म्हणाल्या. आई आहे, दुःख लपवणारच.

२२ ऑगस्ट, शनिवार

प्लासिडला पार्सल पाठवलं. आगाशीची वाळवलेली सुकेळी, एकनाथच्या घरची, आणि माझं पत्र. पत्र अकरा पानी, सिंगल स्पेस. पान एक ते चार गुडघे, पुढे श्वास, शेवटी मुंबईच्या पाण्यापासून सावधगिरी.

आता वाट बघायची. मी वाट बघू शकतो. मला घाई कसलीच नाही.

२६ ऑगस्ट

उत्तर नाही. टपाल फार ढिलं झालंय.

२ सप्टेंबर

उत्तर आलं. पोस्टकार्ड. 'काका, सुकेळी पोचली. सगळ्यांना फार आवडली. प्लासिड.' पत्राचा उल्लेख नाही. अकरा पानं वाचायला वेळ लागणारच. मी घाई करणार नाही.

१५ सप्टेंबर

पेपरात आलंय. आतल्या पानावर, खाली, पण आलंय. प्लासिड तुस्कानोचे चोवीस गुण. बातमी कापून खिशात ठेवली. माझं नाव नाही. जागेअभावी राहिलं असणार.

एकनाथला दाखवली. त्याला मनापासून आनंद झाला. अगदी आपल्या पोराला मार्क पडावेत तसा. मला त्याचा जरा रागच आला. आनंद मलाही आहे. पण प्लासिड चोवीस गुण दुसऱ्या कॉलेजसाठी करतोय, एवढं कळायला नको का?

२० सप्टेंबर, रविवार

आमच्या टीममध्ये प्लासिडच्या जागी सॅन्टन आलाय. फर्स्ट इयर. आज त्याने अठरा गुण केले. पण प्लासिडसारखी मजा नाही. मी लाइनवरून सूचना द्यायला गेलो तर त्याने मधेच खेळ थांबवून विचारलं, तुम्ही कोण? एवढ्याशा पोराला काय सांगायचं.

काळूराम, आमचा शिपाई, कोर्टावर चुन्याच्या फक्कीने लाइन मारतो. तो म्हणाला, पानी मारलं की माती बसते, मानसाचं मन कशाने बसायचं, साहेब? मी म्हटलं, तू तुझी लाइन सरळ मार.

निश्चय: उद्यापासून पहाटे किनाऱ्यावर पाच किलोमीटर चालणे. मन स्थिर होते म्हणतात.

२१ सप्टेंबर

गेलो नाही. पाय दुखत होता. कोणता ते आठवत नाही.

४ ऑक्टोबर, रविवार

आज मुंबईला जाऊन प्लासिडचा सामना पाहिला. कोणालाच सांगितलं नव्हतं. क्लाराला सांगितलं, चुलतभावाच्या घरी जातोय. चुलतभाऊ वारून तीन वर्षं झाली, हे तिने दारात आठवण करून दिलं.

सिमेंटचं कोर्ट खरंच आहे. रिंग सरळ आहे. इतकी सरळ की डोळ्यांना बोचते.

पहिला हाफ मी मागे उभा होतो. प्लासिड मस्त खेळला. सहा फ्री थ्रो, सहाही आत. दुसऱ्या हाफमध्ये मी पुढे लाइनवर जाऊन उभा राहिलो. तो फ्री थ्रोला आला आणि मला राहवलं नाही. ओरडलो, 'गुडघे!' त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत किती काय काय होतं! मग चार फ्री थ्रो हुकले. चारही.

उलगडा झाला. मुंबईच्या कोचने त्याची सवय बिघडवली आहे. मूळचं शिक्षण आणि नवं शिक्षण यांची ओढाताण चालू आहे. पोर आतून तुटतंय. त्याला माझी गरज आहे.

सामन्यानंतर भेटायला गेलो तर कळलं, मागच्या दाराने गेला. घाई असणार.

१८ ऑक्टोबर, रविवार

दोन आठवडे कुठेच मन लागत नाही. जेवताना उठतो, उभा राहतो, परत बसतो. क्लारा म्हणते, एक तर बस नाहीतर उभा राहा, मला भांडी घासायचीत.

प्लासिड परत यायला हवा. पुढच्या टर्मला. ॲडमिशनचा अर्ज मी स्वतः टाइप करून ठेवलाय, त्याची सही तेवढी बाकी आहे. त्याचं मन वळवायचं एवढंच. ते माझ्या हातात नाही. पण ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे माझी थोडी ओळख आहे.

१ नोव्हेंबर, रविवार

आज ते काम केलं.

आमच्या चर्चच्या दारात उजव्या हाताला विनंत्यांची पेटी असते. नोव्हेनाच्या खास प्रार्थनेच्या दिवशी फादर त्यातल्या चिठ्ठ्या वाचतात आणि सगळं गाव त्या विनंतीसाठी प्रार्थना करतं. आठशे माणसांची प्रार्थना वाया जात नाही. क्लाराच्या भावाला तशीच नोकरी लागली.

पण गावाला कारण कळायला नको. लगेच सुरू होतात, निकोलसला वेड लागलंय. म्हणून चिठ्ठीवर फक्त नाव घातलं. कारण देवाला ठाऊक आहे. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ऑफिसच्या मशीनवर टाइप केलं. आणि गावात आणखी कुणी प्लासिड असेल तर देवाचा घोटाळा होऊ नये म्हणून पूर्ण लिहिलं: 'प्लासिड तुस्कानो, बी.ए. दुसरे वर्ष.'

सकाळच्या मिस्सेची प्रार्थना आटोपल्यावर, कोणी बघत नाही असं पाहून, पेटीत टाकली. आता सगळं वरच्याच्या हाती. फार हलकं वाटतंय.

८ नोव्हेंबर, रविवार

काय लिहू.

सकाळची आठची मिस्सा. चर्च भरलेलं. फादर आलोशियस महिन्यापूर्वीच बदलून आलेत, गावातलं कोणी ओळखत नाहीत. प्रवचन झालं. मग त्यांनी नोव्हेंबरच्या चिठ्ठ्या हातात घेतल्या. नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा महिना. आपापल्या गेलेल्या माणसांची नावं लोक पेटीत टाकतात आणि फादर ती वाचून त्यांच्या चिरशांतीसाठी प्रार्थना करतात.

पाचसहा नावं झाली. मग त्यांनी वाचलं, प्लासिड तुस्कानो, बी.ए. दुसरे वर्ष.

खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन क्षण मला आनंद झाला. वेदीवरून नाव आलं! मग 'हे प्रभू, यांना चिरशांती दे' असं आठशे माणसं म्हणाली. मीसुद्धा म्हणालो. सवयीने.

बायकांच्या बाजूला मार्गारेटबाई खाली कोसळल्या.

चूक माझी नाही. नोव्हेंबरभर चर्चवाले उजव्या हाताच्या जागी मृतात्म्यांची पेटी ठेवतात आणि विनंत्यांची डावीकडे सरकवतात. अकरा महिन्यांची सवय अशी एका दिवसात कशी मोडेल? निदान सूचना तरी लावायची. (लावली होती. मोठ्या अक्षरात. मी इकडेतिकडे बघत होतो.)

कोणी मार्गारेटबाईंना प्रार्थनेच्या पुस्तकाने वारा घालत होतं, कोणी पवित्र पाणी शिंपडत होतं. सगळ्यांना वाटलं, मुंबईहून फादरना बातमी आधी कळली असणार. फादरना वाटलं, घरच्यांनीच नाव दिलं असणार. कोण कोणाला विचारणार? मिस्सा संपायच्या आत अर्धं गाव मार्गारेटबाईंच्या अंगणात. शेजाऱ्यांनी मांडवाला बांबू आणले. कबर खणणारा माप विचारायला आला, कारण प्लासिड सहा फूट दोन इंच आहे आणि नेहमीच्या मापात बसणार नाही. खरं-खोटं कळावं म्हणून मार्गारेटबाईंच्या दिराने मुंबईला, मामाच्या पत्त्यावर, प्लासिडच्याच नावाने तार केली. तार करायची म्हटली की सगळे तेच लिहितात, त्यानेही तेच लिहिलं: आई सीरियस, ताबडतोब ये.

दुपारी फादर ती चिठ्ठी घेऊन अंगणात आले आणि कोणी टाकली म्हणून विचारलं. टाइप केलेली चिठ्ठी. गावात ऑफिसच्या मशीनवर बसणारा मी एकटा. कोणी माझं नाव घेतलं नाही. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

९ नोव्हेंबर, सोमवार, दुपारी तीन

प्लासिड आला!

मी समोरच्या नारळाआड उभा होतो. रजा काढली होती, पोटात दुखतंय म्हणून. तो धावतच आला. अंगात अजून खेळाची बनियन, पायात बूट. अंगणात अजून कोणी न सोडलेला मांडव बघून तो जागीच थिजला. त्याला वाटलं, आई गेली. मार्गारेटबाई आतून धावत आल्या, आधी त्याच्या थोबाडीत मारली आणि मग गळ्यात पडून रडल्या.

सगळं गाव रडलं. मीही.

आला ना पण! मी काय मागितलं होतं? परत यावा. आला. देवाची पद्धत निराळी असते, आपल्याला पटेलच असं नाही. उद्या शांतपणे भेटतो. अर्ज तयारच आहे.

१० नोव्हेंबर, मंगळवार

एकनाथ आगाशीहून सकाळच्या पहिल्या एस.टी.ने आला, आधी प्लासिडला भेटून मग माझ्याकडे. मी कपाटातून अर्ज काढून दाखवला. त्याने हातात घेतला नाही.

म्हणाला, काल सकाळी युनिव्हर्सिटीच्या टीमची निवड होती. प्लासिडचं नाव यादीत पहिलं होतं. तो मैदानात वॉर्म-अप करत होता तेव्हा मामा तार घेऊन पोचला. तसाच निघाला. निवड त्याच्याशिवाय झाली.

मी म्हटलं, मला काय माहीत. एकनाथ माझ्या खिशाकडे बघत राहिला.

खिशात पेपरातलं कात्रण होतं. पंधरा सप्टेंबरचं. त्यातल्या शेवटच्या ओळीत ती तारीख आहे. नऊ नोव्हेंबर. मीच लाल पेनाने खाली रेघ मारली होती.

आज कसलाच निश्चय केला नाही.

११ नोव्हेंबर, बुधवार

प्लासिड काल मुंबईला गेला. निवड समितीच्या पाया पडायला. निरोप आलाय की गैरहजेरीचा लेखी खुलासा, जबाबदार माणसाच्या सहीने, शनिवारच्या आत पोचला तर त्याला एकट्याला बोलावून खेळ बघतील. नाहीतर पुढच्या वर्षी.

ऑफिसात बसवेना. खुर्ची बदलली, मग टेबल. तीनदा पाणी प्यालो. संध्याकाळी मार्गारेटबाईंची माफी मागायला गेलो. त्या दारात उभ्या राहिल्या. बसा म्हणाल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

म्हणाल्या, फादरनी नाव घेतलं तेव्हा मला त्याचा चेहरा आठवेना, निकोलस. लहानपणी तो अंगणात पळायचा ते पाय तेवढे आठवले. मग म्हणाल्या, भात उतू जातोय. आणि आत गेल्या.

मी परत येताना सायकल हातात धरून चाललो. बसायचं सुचलं नाही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

अकरा वाजता प्लासिड ऑफिसात आला. खुलाशाचा छापील फॉर्म घेऊन. माझ्याकडून टाइप करून हवा होता, सही पण माझीच. फादर द्यायला तयार होते, पण तो म्हणाला, चिठ्ठी ज्याने टाकली त्याने लिहिलं तर समितीला पटेल.

मी बोलायचं ठरवून ठेवलं होतं. तीन दिवस ठरवत होतो. म्हटलं, तुझ्यासाठीच केलं रे. तुझा खेळ बिघडतोय, तू परत ये, अर्ज तयार आहे. त्याने ऐकून घेतलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

म्हणाला, काका, मी कोर्टासाठी नाही गेलो. सिमेंटवर गुडघे दुखतात. पण तिथे फ्री थ्रो हुकला की हुकतो. घरी येऊन कोणी आईसमोर बसत नाही. तिथे मला कोणी ओळखत नाही, म्हणून मी तिथे नीट खेळतो.

मग म्हणाला, तुम्ही वाईट नाही काका. मला माहीत आहे.

हे शेवटचं त्याने म्हणायला नको होतं.

मशीनवर फॉर्म चढवला. नाव, पत्ता, कॉलेज. गैरहजेरीचं कारण. मी लिहिलं की खाली सही करणाऱ्या इसमाने निष्काळजीपणे चुकीच्या पेटीत नाव टाकल्यामुळे खेळाडूच्या घरी मृत्यूची खोटी बातमी पसरली, त्यात खेळाडूचा काही दोष नाही. 'निष्काळजीपणे' हा शब्द मी स्वतःच घातला. प्लासिडने सांगितला नव्हता.

पुढचा रकाना: खेळाडूशी नाते.

हात थांबला. इतक्या वर्षांत मशीनवर माझा हात असा थांबलेला मला आठवत नाही. मार्गदर्शक? सल्लागार? मंडळाचा अध्यक्ष? बसून राहिलो. प्लासिड मागे उभा होता. अगदी हळू म्हणाला, काका, काही लिहिलंत तर त्यांना वाटेल जुन्या कॉलेजने मुद्दाम पाडलं. मग बोलावणार नाहीत.

बरोबर होतं त्याचं. ऑफिसचं काम मला कळतं.

टाइप केलं: काही नाही.

सही केली, तारीख घातली, कॉलेजचा शिक्का मारायचा नाही हेही लक्षात ठेवलं. त्याने फॉर्म दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, थँक्यू काका म्हणाला. मी म्हटलं, वेळेत पोचव. आणखी बरंच ओठांवर आलं होतं. बोललो नाही. तो गेला.

ॲडमिशनचा तो अर्ज फाडून टोपलीत टाकला. काळूरामने टोपली नेली.

संध्याकाळी क्लाराने विचारलं, प्लासिड ऑफिसात आला होता म्हणे, कशाला? म्हटलं, काही नाही, ऑफिसचं काम होतं.